नंदाखालचा चुकवलेला शनिवार

बार्शीत वसई म्हटलं की लोकांना केळी आठवतात आणि किल्ला आठवतो. दोन हजार आठच्या ऑक्टोबरपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. त्यानंतर विरारच्या पश्चिमेला आगाशीच्या वाटेवर असलेल्या नंदाखाल नावाच्या गावी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला दहा दिवस होतो, दुसऱ्या खेपेला एकच. गाव सुंदर आहे, आणि मी तिथे पुन्हा जाईन असं वाटत नाही.

कशासाठी गेलो ते आधी सांगतो. मी बार्शीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्या काळात माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. सीताफळाच्या पानांचा काढा करायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. फिकट पिवळं पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं होतं. पानांच्या रसामुळे चांदीचे नॅनो कण तयार होतात, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांनी जंतू मरतात आणि डासांच्या अळ्याही मरतात. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे आमच्याकडच्या बायकांना पूर्वापार ठाऊक आहे. मी त्याला फक्त चांदीची जोड दिली होती. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात एका दिवसात सगळ्या अळ्या तळाला जायच्या, आणि माझं डोकं आभाळाला लागायचं.

पुण्यात शिक्षकांच्या एका शिबिरात मी यावर बोललो. श्रोत्यांत जोकीम सर होते. वसईकडच्या एका शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बारीक चणीचे, बोलण्यात मोजूनमापून. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "काचेच्या भांड्यात काय, कोणीही मरतं. आमच्याकडे या. डास भरपूर आहेत आणि जेवण घरचं आहे."

शनिवार

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना केळी, वर नारळ, वळणावर पांढरा क्रूस, क्रूसापाशी ताजी फुलं. वाडीच्या मधोमध हिरवट पाण्याचं एक तळं. त्याला तिकडे बावखल म्हणतात. बार्शीहून आलेल्या माणसाला एवढं पाणी एका ठिकाणी दिसलं की आधी संशय येतो.

घराच्या मागे गेलो तर सरांची सून शॅरल गाउनवर ओढणी खोचून, बादलीने सिमेंटच्या टाकीतलं पाणी उपसून केळींच्या आळ्यात फेकत होती. सातवा महिना लागला होता तिला. सर स्वतः दुसऱ्या रिकाम्या टाकीत बसून काथ्याने भिंती घासत होते.

आमच्याकडे तेव्हा आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं. त्या दिवशी माणसं रजा काढायची. साठवलेलं पाणी ओतून देणं म्हणजे आमच्या दृष्टीने ताटातली भाकरी उकिरड्यावर टाकणं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे काय करताय?"

"शनिवार आहे ना आज," सर टाकीतूनच म्हणाले. "दर शनिवारी उपसायच्या, घासायच्या, ऊन दाखवायचं आणि संध्याकाळी भरायच्या. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना घरात शिळं पाणी नको, अशी आमच्या आईची शिस्त होती."

"डासांसाठी नाही?"

"आईला डासांचं शास्त्र कुठे ठाऊक? पण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि शनिवार सात दिवसांनी येतो. चांगला जमलेला योग आहे."

मी हसलो. एवढं पाणी फेकण्यापेक्षा माझ्या औषधाचा एक पेला टाकला तर काम भागेल, असं मनात म्हणालो. बहुधा मोठ्यानेही म्हणालो असेन, कारण शॅरलने बादली खाली ठेवून कंबर सरळ केली आणि विचारलं, "सर, तुमचं ते नॅनो म्हणजे लाखाची गाडी आहे तीच का?"

त्या वर्षी हा विनोद मला प्रत्येकाने ऐकवला होता. तिचा मला राग आला नाही.

रविवार, सोमवार

घरात माणसं तीन. सर, त्यांचा मुलगा इनास आणि शॅरल. सरांच्या पत्नी काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या. आपापसात ही मंडळी त्यांच्या बोलीत बोलत. त्यातला शब्द ओळखीचा वाटायचा आणि वाक्य हातून निसटायचं. माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. शॅरल लग्नाआधी बालवाडी चालवायची, त्यामुळे तिच्या बोलण्यात समजावण्याचा सूर होता. पहिल्याच जेवणात बोईट माशाचा काटा माझ्या घशात अडकला, तेव्हा तिने कोरड्या भाताचा गोळा करून माझ्या हातावर ठेवला. "चावायचं नाही, गिळायचं," म्हणाली. मी चाळीस वर्षांचा प्राध्यापक, मुकाट्याने गिळला.

तांदळाची भाकरी मला शेवटपर्यंत पचली नाही. ज्वारीच्या भाकरीची चव आली नाही की जेवल्यासारखंच वाटत नाही. सुकेळी मात्र आवडली. केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधून ठेवायची, इतकंच करतात, आणि खाताना थांबता येत नाही.

ऑक्टोबर हा त्यांच्याकडे जपमाळेचा महिना. दिवेलागणीला सगळे जमिनीवर बसून जपमाळ म्हणतात. मीही मागे भिंतीला टेकून बसायचो. प्रार्थना चालू असताना हात मोकळे नसतात, आणि डासांना ते कळत असावं. पांढऱ्या पट्ट्यांचे डास, दिवसाउजेडी चावणारे, डेंग्यू पसरवणारे. ते घाण पाण्यात होत नाहीत, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतात. शॅरल पायांवर चादर घेऊन बसे.

सोमवारी वाडी हिंडलो. केळींना पाणी लावायला हिराबाय नावाची एक वयस्क बाई यायची. सकाळी काम करून दुपारी खाडीकडच्या तिच्या गावी परत जायची. मी विहिरीत डोकावत होतो. ती म्हणाली, "पानी खारं झालंय, सायेब."

"खारं?"

"टँकरवाल्यांनी येवरं नेलं का आता खालून दर्याच येतंय. तोंडान घेऊन बघा, कलंल."

मी तोंडात घेतलं नाही. पिण्याचं पाणी नळाचं होतं, हे वापरायचं. मला काय करायचंय, असं वाटलं. बावखलाबद्दल विचारलं तर सर म्हणाले, "तिथे तुमची गरज नाही. मासे आहेत त्यात."

बुधवार, गुरुवार

घरात तीन टाक्या होत्या. मोरीमागची शॅरलच्या वापरातली, अंगणातली आणि गोठ्यापाशी एक. गोठ्यात आता जनावर नव्हतं. शनिवारी घासूनही भिंतींना चिकटलेली अंडी काही जात नाहीत. बुधवारी बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर तिन्हींत बारीक अळ्या वळवळत होत्या. मला आनंद झाला. तुलनेसाठी विहिरीच्याच पाण्याची एक बादली अळ्यांसकट ओसरीवर ठेवली, वर मच्छरदाणीचं कापड बांधलं. मग बार्शीहून आणलेल्या कॅनमधलं तांबूस औषध मोजून टाक्यांत ओतलं आणि टाक्यांवरही तसंच कापड बांधलं. हे पाणी तोंडात घ्यायचं नाही, फक्त धुण्याला आणि झाडांना, असं बजावलं.

औषध पडलं तिथे पाण्यात दुधासारखा ढग उठला.

चांदीच्या क्षाराने पाण्यातलं मीठ ओळखायचं असतं. मीठ असेल तर पांढरा साका येतो. हा प्रयोग मी दर वर्षी जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. एका परीक्षानळीत, एका थेंबाने. तो ढग पाहिला तेव्हा मला तो प्रयोग आठवला नाही असं मी कुठेही सांगणार नाही. आठवला. पण एवढ्या लांब येऊन पहिल्याच पेल्याला हरायचं म्हणजे काय, असं वाटलं आणि मी ढवळत राहिलो.

गुरुवारी सकाळी टाक्यांच्या तळाशी राखाडी गाळ बसला होता. त्या गाळावर अळ्या मजेत होत्या, कालच्यापेक्षा जाड. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मेल्या नाहीत," ते म्हणाले.

"थोडा वेळ लागतो," मी म्हणालो.

शुक्रवार, वालीव

इनास वालीवला प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका गाळ्यात सुपरवायझर होता. मला डिस्टिल्ड पाणी हवं होतं आणि तिथे बॅटऱ्यांच्या दुकानात ते मिळतं, म्हणून शुक्रवारी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. वाड्या संपतात, इमारती लागतात, मग रेल्वे ओलांडून शेडच शेड. हवेला जळक्या प्लास्टिकचा वास. त्याच्या गाळ्यामागे उघडे ड्रम होते, जुने टायर होते, प्रत्येकात पाणी. दोन कामगार गोण्यांवर तापाने पडले होते.

"सर, तुमचं हे जमलं ना, तर पहिलं इथे मारा," इनास म्हणाला. "आमच्याकडे चार जण आडवे झालेत. मी तर घरी गेल्यावर बाहेरच आंघोळ करतो, मगच आत. शॅरलची अशी कंडिशन, रिस्क कोण घेणार?"

परत येऊन मी दोन पेल्यांत अळ्या ठेवल्या. एकात बॅटरीचं पाणी आणि औषध, दुसऱ्यात विहिरीचं पाणी आणि औषध. टाक्यांतही दुप्पट औषध ओतलं.

चुकवलेला शनिवार

सकाळी बॅटरीच्या पाण्यातल्या सगळ्या अळ्या मेल्या होत्या. विहिरीच्या पाण्यातल्या सगळ्या जिवंत होत्या. औषध खरं होतं. मिठाने चांदीचे कण एकत्र येऊन त्यांचे गोळे होत होते आणि तळाला बसत होते, एवढंच. एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, कळलं, आता टाक्या उपसा. मला वेगळंच सुचलं. दुप्पट औषधानेही खाऱ्या पाण्यात अळ्या मरत नाहीत, हे तीन दिवसांच्या मोजणीने दाखवलं तर तोही एक निष्कर्षच. असं प्रत्यक्ष टाक्यांवर कोणी दाखवलेलं माझ्या वाचनात नव्हतं. हरण्यातूनही निबंध होतो, हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे.

इनास कामावर गेला होता; तो येईपर्यंत टाक्या एरवीही भरलेल्याच असत. मी सरांना म्हणालो, "या शनिवारी टाक्या नका उपसू. सोमवारी सकाळी शेवटची मोजणी करतो, मग हवं ते करा."

"शनिवार कधी चुकवलेला नाही," सर म्हणाले.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, सर. आणि तुम्ही विज्ञानाचे शिक्षक."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोललो. कुठे लागेल ते मला कळत होतं.

ते मागे गेले. मोरीपाशी शॅरल बादली घेऊन उभी होती. दोघं त्यांच्या बोलीत बोलले. ती काहीतरी म्हणाली, सरांचा आवाज चढला. मला शब्द कळले नाहीत. तिने बादली पालथी घातली आणि आत गेली, एवढं मी ओसरीवरून पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.

सोमवार

तिन्ही टाक्यांवर अळ्यांच्या रिकाम्या काती तरंगत होत्या, पारदर्शक, भाताच्या तुसासारख्या. वर बांधलेली कापडं पाणी घेता-घेता केव्हाच सैल झाली होती. मी काती मोजल्या. जितक्या काती, तितके डास उडून गेले, हे मोजताना मला कळत होतं, पण आकडा हातात आल्याचं समाधान त्याहून मोठं होतं. मग सरांनी आणि मी मिळून टाक्या उपसल्या.

"म्हणजे नापास," सर घासता-घासता म्हणाले.

"औषध पास आहे, सर. पाणी नापास आहे."

ते हसले नाहीत. निघताना शॅरलने पानात बांधलेली सुकेळी माझ्या पिशवीत घातली. "गाडीत सगळी संपवू नका, घरी काकूंना न्या," म्हणाली. मी दौंड येईपर्यंत संपवली.

दिवाळीच्या सुट्टीत निबंध लिहिला. खाऱ्या पाण्याचा भाग वाचून आमच्या विभागप्रमुखांनी पाठ थोपटली.

डिसेंबर

नोव्हेंबरच्या मध्यावर सरांचा फोन आला. शॅरलला डेंग्यू झाला होता. आठ दिवस दवाखान्यात होती, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या. ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. हे सगळं सरांनी तीन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले, "महिन्याची मिस्सा डिसेंबरात आहे. यायला हवंच असं नाही."

गेलो. नाताळ जवळ आला होता. वाडीतल्या प्रत्येक घरावर कागदाची चांदणी टांगलेली होती, सरांच्या घरावर नव्हती. मिस्सा झाल्यावर सगळे कबरस्तानात गेले. मातीचा उंचवटा अजून बसला नव्हता. लोकांनी मेणबत्त्या लावल्या. वारा होता, त्या विझत होत्या, आणि इनास एक-एक करून पुन्हा पेटवत होता. मी तिथे चपला काढून उभा राहिलो. इतरांच्या पायात चपला होत्या हे नंतर लक्षात आलं.

माणसं पांगल्यावर सर मला भिंतीच्या कडेला घेऊन गेले.

"त्या शनिवारी मी तिला काय बोललो ते तुम्हाला कळलं नसेल," ते म्हणाले. "ती म्हणत होती, पप्पा, माझी एक टाकी तरी उपसू द्या, आतमध्ये वळवळतंय, मला धड वाटत नाही. मी म्हटलं, पाहुण्यांचं आठवड्याचं काम एका बादलीसाठी घालवतेस? तुला शिकवलंय कोणी? असं म्हणालो तिला."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. महिनाभर तेच घोकत होतो. "सर, कोणत्या टाकीतला डास, हे कोणीच सांगू शकत नाही. वालीवला ताप होता. शेजारच्या आळीत असेल. एका शनिवारने..."

"आयुष्यभर विज्ञान शिकवलं मी," सर म्हणाले. "सांगता येत नाही हे मलाही माहीत आहे. म्हणून तर झोप लागत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इनासला ठाऊक नाही. त्याला सांगू नका. मला आता दुसरं घर नाही."

मी मान डोलावली. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. सरांचं गुपित सांभाळायचं म्हणजे माझंही आपोआप सांभाळलं जाणार होतं.

घरी जेवायला बसलो. भात आणि डाळ, शेजारणीने आणून दिलेलं. इनास दाढी वाढलेला, बारीक झालेला. त्याने माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाला, "एवढ्या लांबून आलात, सर. बरं वाटलं."

मग तोच बोलायला लागला, भात कालवत, माझ्याकडे न बघता.

"शनिवार तिने कधी चुकवला नाही, माहितीये? लग्न होऊन आली तेव्हापासून. तो एकच शनिवार चुकवला. दवाखान्यात मला म्हणाली, त्या शनिवारी टाकी राहून गेली माझ्याकडून. राहून गेली, एवढंच. मी किती विचारलं, कशी काय राहिली? गप्प बसली. कंटाळा केला असेल. सातवा महिना, वाकता येत नसेल. मग मला सांगायचं ना, सर. संध्याकाळी येऊन मी उपसली असती."

सरांचा हात पानात तसाच थांबला होता.

"मी रोज तिच्यावर चिडतो," इनास म्हणाला. "फादरना कन्फेशनमध्येही सांगितलं. गेलेल्या माणसावर चिडू नये, कळतं मला. पण सकाळी उठलो की पहिला राग येतो, का नाही उपसलीस. आळस केलास, आळस केलास, असं डोक्यात चालू होतं."

मरताना त्या मुलीने सासऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. माझंही घेतलं नव्हतं. तिने ते स्वतःवर घेतलं होतं, आणि तिचा नवरा तिला रोज त्याची शिक्षा देत होता. मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना दिलेला शब्द मला पाळायचा होता, आणि तो पाळून जेवढं बोलता येईल तेवढं बोलायचं होतं.

"इनास," मी म्हणालो, "तिने आळस केला नाही. ती बादली घेऊन टाकीपाशी उभी होती. मी उपसू दिली नाही."

त्याने मान वर केली. पहिल्यांदा त्याला कळलंच नसावं.

"तुम्ही? का?"

"मला सोमवारपर्यंत अळ्या मोजायच्या होत्या."